मागचा कॅमेरा

"अहो, तुमच्या गाडीनं मला ठोकलंय!"

पडद्यापलीकडून आधी ओरडणं आलं, आणि मग माझ्या स्क्रीनवर त्याचा पाय दिसला. रोबो-स्पर्धेसाठी आमचा सराव चालला होता... रोबो पडद्यापलीकडे, आणि मला त्याच्या कॅमेऱ्याचं चित्र बघून तो चालवायचा होता. लंगडत बाहेर आला तो जाड चष्म्याचा एक मुलगा, आणि चक्क हसत होता.

"चित्र उशिरा येतंय तुमचं. मी तुम्हाला दिसेपर्यंत आडवा झालो होतो."

"मग मध्ये कशाला कडमडलात?"

"ते चित्र नीट करायलाच पाठवलंय मला!"

चष्म्यामुळे त्याचं नाव भिंग पडलं. त्यानं चित्र लहान केलं, रंग काढून टाकले, आणि रोबो माझ्या बोटांबरोबर पळू लागला. स्पर्धेच्या नेटवर्कवर जेमतेम एका कॅमेऱ्यापुरती जागा असायची. दुसरा उघडला की दोन्ही अडकलेच. त्यानं मला दटावलं होतं, "रोबोचा मागचा कॅमेरा उघडायचा नाही हं, ड्रायव्हरबाई."

"आणि उघडला तर?"

"तर मी... बोलणारच नाही तुझ्याशी."

'तुम्ही'वरून 'तू'वर घसरला आणि स्वतःच लाजला. मी मात्र तिथंच विरघळले, खोटं कशाला बोलू?

जिंकलो तर एक कंपनी आम्हा दोघांनाही नोकरी देणार होती, एकाच शहरात. हरलो तर त्यानं मामांच्या दुकानात बसायचं, असं त्याच्या घरी ठरलं होतं. त्यापुढचं आम्ही कधी बोललो नाही — पण माहीत दोघांनाही होतं.

अंतिम सामन्यात मी मैदानाच्या काचेशी उभी, तो लॅपटॉप घेऊन माझ्या पाठीशी. रोबो माझ्याकडे पाठ करून, खोकी ठेवायच्या समोरच्या फळीपाशी पोचला. हातातलं शेवटचं खोकं त्याच्याच धडामागे दडलेलं, म्हणून माझी नजर स्क्रीनवर. फळी अजून लांब दिसत होती. मी त्याला पुढे रेटलं... आणि धाडकन आवाज आला. चित्र अडकलं होतं. खोकं खाली पडलं, शिट्टी वाजली, आम्ही हरलो.

मी गर्रकन वळले. त्याच्या स्क्रीनवर दोन चित्रं होती. दुसऱ्यात मी होते, काचेमागे, ओठ चावत.

"मागचा उघडलास?"

"एकदाच... मी कायम तुझ्या मागे उभा. जिंकतानाचा तुझा चेहरा बघायचा होता."

"हाक मारायचीस ना, मुडद्या! वळले असते मी!"

तेवढ्यात कंपनीचे साहेब आले. चूक ड्रायव्हरची का, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत भिंग म्हणाला, "नाही सर, माझी. हिचा हात चुकत नाही."

त्या एका वाक्यावर मला नोकरी मिळाली. एकटीला. मला विचारलंसुद्धा नाही त्यानं! इतका राग आला होता, आणि तितकाच तो हवा होता.

माझी बस लागली तेव्हा तो आला. मी पायरीवर पाय ठेवला होता.

"मला तू आवडतेस," मागून आवाज आला. "पहिल्या धडकेपासून."

माझे डोळे गळायला लागले.

"एकदा वळून बघ ना..."

"नको. तुझं बघून झालंय."

मी आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसले. वळले असते, तर तिथंच उतरले असते.