स्वतःच्याच नावाचं धोकापत्र

साखरपुड्याच्या दिवशीही यशोधन खांबेटे सांगलीच्या सायबर सुरक्षा केंद्रात कामावर आला होता, यावरूनच माणूस ओळखावा. मुहूर्त दुपारचा होता. तोवर पायथनमधला नवा प्रोग्रॅम एकदा चालवून बघू, म्हणाला.

हा प्रोग्रॅम धोकापत्रं तयार करायचा. धोका कुणाचा, त्याची रीत काय, त्याचं कुणाशी नातं, कळवणारा कोण, हे ठरलेल्या साच्यात बसलं की शहरातलं प्रत्येक यंत्र ते वाचायचं आणि त्या माणसाला दारं बंद करायचं. चाचणीसाठी खोटा गुन्हेगार लागतो. दुसऱ्याच्या नावानं अभद्र कशाला लिहायचं, म्हणून केंद्रात स्वतःचंच नाव घालायची पद्धत होती. यशोधननंही घातलं. फक्त चाचणीची खूण करायला स्वारी विसरली आणि पत्र शहरभर गेलं.

निघायला गेला तर प्रयोगशाळेचं सरकतं दार वीतभर उघडे आणि मिटे, उघडे आणि मिटे. इकडे भावी सासरे विश्रामराव मोहोळकर यांनी फोनवर बजावलं होतं की मुहूर्त चुकला तर साखरपुडा मोडला समजा. यशोधनच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची मुलगी मृणाल त्याला मनापासून आवडली होती हो!

केंद्रप्रमुख डॉ. इंदुमती साखळकर शांतपणे पडद्याकडे बघत होत्या.

"तू धोकादायक आहेस, असं कळवणाराही तूच," त्या म्हणाल्या. "यंत्रानं तुझा शब्द मानला की तू धोकादायक. धोकादायक माणसाचा शब्द मानायचा नाही, म्हणून पत्र खोटं. पत्र खोटं म्हणजे तू सज्जन. आणि सज्जनाचा शब्द खरा!"

"मग मी ते रद्द करतो ना, मॅडम."

"आज्ञा निम्मी पोचेपर्यंत तू पुन्हा धोकादायक होतोस. आता तिसऱ्या कुणाची तरी साक्ष हवी. तुझ्या ओळखीचा माणूस, पण नात्यातला नको आणि कामावरचा नको."

यशोधननं बराच वेळ डोकं खाजवलं. त्याच्या ओळखीची माणसं एक तर घरातली, नाहीतर ऑफिसातली. तिसरी जमात त्यानं कधी जमवलीच नव्हती. शेवटी त्यानं लाजत मृणालला फोन लावला. अजून ती नात्यातली नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं, पोटभर हसली आणि हा माणूस निरुपद्रवी असल्याची साक्ष आपल्या फोनवरून नोंदवली. दार सताड उघडलं.

धापा टाकत तो हॉलवर पोचला. विश्रामराव घड्याळाकडे बघून घुश्श्यातच होते, पण मुहूर्त सापडला. अंगठ्या घातल्या गेल्या, टाळ्या पडल्या, कुणीतरी लगेच फोटो टाकला. प्रोग्रॅमनं फोटो वाचला, नवं नातं तत्परतेनं नोंदवलं, आणि हॉलचं दार वीतभर उघडझाप करू लागलं. अर्धे पाहुणे आत, अर्धे बाहेर.

यशोधननं घाबरत मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलेलं त्यानं मृणालला जसंच्या तसं सांगितलं. नात्यातल्या माणसाची साक्ष बाद होते. तिला त्याची साक्षीदार राहता येईल किंवा बायको होता येईल, दोन्ही नाही. अंगठी परत केली तर दार आत्ता उघडेल.

मृणालनं दाराकडे पाहिलं, बोटातल्या अंगठीकडे पाहिलं आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"जेवण आत आलंय ना? मग बस निवांत."