रिकामा टोप

"घे गो बाय... कडू घास नाय म्हनू नये!"

शेजारच्या मैनाकाकीने आमटीभात कालवून घास मनस्वीच्या ओठांपाशी धरला होता, आणि मनस्वीने तोंड फिरवून घेतले. दुपारीच बाबांना पोचवून माणसे परतली होती. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या घरांतून जेवण येते आणि घेऊन येणाऱ्या बायका घरच्यांना बळेच भरवतात, हा त्यांच्या गावाचा शिरस्ता. नव्या विमानतळासाठी गाव उठला, माणसे पनवेलच्या कडेला पुनर्वसनाच्या घरांत आली, खाचरे गेली, खाडीचे बांध गेले, पण हा घास तेवढा त्यांच्यासोबत आला होता.

"मला नको, काकी. मी कुणाचं..." मनस्वीने वाक्य अर्धेच सोडले.

समोर भिंतीला टेकून बसलेल्या चंद्रावतीने, तिच्या आईने, काकीच्या हातचा घास मुकाट्याने घेतला. चावताना तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते, पण तिने तोंड उघडले होते, हे मनस्वीला दिसले. आईसाठी म्हणून तिने एक घास गिळला. तो खरोखरच कडू लागला... बाबा गेले म्हणून, आणि त्यांनी उराशी बाळगलेले एकुलते एक स्वप्न ती आता स्वतःच्या हातांनी मोडायला निघाली होती म्हणून!

बाबांची, काशीरामांची, भाताची दोन खाचरे, एक वडाखालचे आणि एक बांधाजवळचे, विमानतळाच्या धावपट्टीखाली गेली होती. बदल्यात मिळालेला भूखंड विकून त्यांनी मुलीला वैमानिक केले. "माज्या शेतात माजी पोर विमान उतरवनार," असे ते मासळी बाजारापासून तलाठ्याच्या कचेरीपर्यंत भेटेल त्याला सांगत सुटत. ऐकणारे हसत, बाबाही हसत, पण बाबांच्या हसण्यात तिळभरही थट्टा नसे.

त्याच पैशांतून थोरल्या हरेशला स्वतःचा ट्रेलर घ्यायचा होता. ते राहूनच गेले. हरेश जासईच्या कंटेनर यार्डात दुसऱ्याची गाडी चालवत राहिला आणि बहीणभावांतले बोलणे 'कधी आलीस', 'जेवलास का' इतक्यावर येऊन थांबले. दादाच्या वाट्याचे आपण घेतले, हे शल्य मनस्वीच्या काळजात खोल रुतून बसले होते. दर फेरीला ती त्याच्यासाठी काहीतरी आणी... बूट, जाकीट, घड्याळ. हरेश "बरं" म्हणून ते कपाटात ठेवून देई, आणि प्रत्येक वेळी तिला वाटे, अजून फिटले नाही!

आणि मग इंजिनांच्या तुटवड्याने तिच्या विमान कंपनीची निम्मी विमाने जमिनीवर आली. सगळ्यांत नवे वैमानिक बिनपगारी रजेवर गेले. त्यांत मनस्वी होती. उडणाऱ्या वैमानिकांनी बैठक घेऊन ठरवले, की आपापल्या पगारातला वाटा काढून या मुलांचे घर चालवायचे आणि त्यांचे परवानेही सांभाळायचे, कारण सिम्युलेटरची चाचणी वेळेवर दिली नाही तर वैमानिक उडण्यास अपात्र ठरतो, आणि रजेवर असताना ती चाचणी ज्याने त्याने स्वखर्चाने द्यायची होती. सगळ्यांनी तो वाटा घेतला. एकट्या मनस्वीने तो नाकारला. जासईच्या एका मालवाहतूक कंपनीत तिने कारकुनी नोकरी ठरवून टाकली होती. विमान सोडायचे, शिक्षणाचे उरलेले कर्ज फेडायचे, आणि मग दादाला ट्रेलर. बाबांना हे सांगण्याचे धैर्य झाले नाही, आणि आता सांगायला बाबाच नव्हते...

दोन-तीन दिवसांनी भेटायला दोघे आले. वैमानिकांच्या संघटनेचे काम पाहणाऱ्या रमा मॅडम, आणि उंचेपुरे, कानशिलांवरचे केस पिकलेले कॅप्टन सत्यजीत. चटईवर मांडी घालताना कॅप्टनांचे गुडघे कडाकडा वाजले. हरेश दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

बाबांविषयी बोलून झाले. मग रमा मॅडम हळूच म्हणाल्या, "मनस्वी, ही वेळ नाही, मला कळतं. पण तुझी चाचणी पुढच्या महिन्यात आहे. ती हुकली तर रजा संपली तरी तुला बोलावता येणार नाही गं. आता तरी हो म्हण."

"मॅडम, मी राजीनामा देणार आहे." मनस्वीचा आवाज तिलाच परका वाटला. "आणि सत्यजीत सरांनी बैठकीत विरोध केला होता, मला माहीत आहे. ते बरोबरच बोलले."

"बोललो होतो," कॅप्टन म्हणाले. "आजही माझं तेच मत आहे."

"कॅप्टन, दुःखाच्या घरात आलोय आपण!" रमा मॅडमनी डोळे वटारले.

"मग आलात कशाला?" हरेशने दारातून विचारले.

कॅप्टनांनी त्याच्याकडे पाहिले. रागावले मात्र नाहीत. "सांगतो. पगार देणं हे कंपनीचं काम. आपण खिशातून भरायला लागलो की कंपनी निवांत होते. आज आठ जण घरी बसवले, उद्या ऐंशी बसवतील. शिवाय उडणाऱ्यांतही कर्जात बुडालेली पोरं आहेत, त्यांच्या पगाराला कात्री का? हे सगळं मी बोललो. हात वर झाले, मी हरलो. कर्जवाल्यांना सूट मिळाली, एवढं मात्र पदरात पाडून घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून माझा वाटा सगळ्यांच्या आधी जातो."

"असं कसं?" हरेश म्हणाला.

"अहो, माझं भांडण कंपनीशी आहे. हिच्याशी काय भांडण? हिनं काय केलंय?"

मनस्वी हट्टाने म्हणाली, "सर, मी हे परत कधी करणार?"

"परत कर असं कोण म्हणालं तुला?" रमा मॅडमनी विचारले.

"तेच तर...!" मनस्वी म्हणाली.

पाहुणे उठले. कॅप्टनांनी चंद्रावतीपुढे हात जोडले. तिने त्या उंच माणसाच्या दंडावर दोनदा थोपटले, जणू वडीलधारी तीच होती आणि लेकरू ते! हरेश त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला.

मनस्वी स्वयंपाकघरात शिरली. मैनाकाकीचा सकाळचा टोप घासून पालथा घातला होता. तिने तो पुसला, डबा उघडला आणि मूठभर साखर टोपात टाकली. लहानपणापासूनची सवय. शेजारचे भांडे रिकामे परत धाडू नये, हे आईनेच शिकवलेले.

"काय करतंस गो?" मागून आईचा आवाज आला, आणि तो इतका तीव्र होता की मनस्वी दचकली. "वत ती साखर परत!"

"अगं, रिकामा टोप कसा द्यायचा?"

"सुतकात रिकामाच जातो. या घरातली चिमूटभर साखर पन कोनी घेनार नाय आता." चंद्रावतीने तिच्या हातातून टोप काढून घेतला. मग तिचा आवाज उतरला, ओला झाला. "हे घेन्याचे दिवस हायत, बाय. या दिवसांत मानसानं नुसतं घ्यायचं. लाज नाय वाटून घ्यायची, आनि फेडायची घाई तर मुळीच नाय. मैनाचा नवरा गेला तेवा आपल्या घरचा टोप गेलेला. तिनं टोप रिकामा धाडला. म्हनून काय ती भिकारी झाली?"

चंद्रावतीने साखर डब्यात परत ओतली. मनस्वीच्या बोटांना साखर चिकटली होती.

"तिला हे पयल्यापासून कळत नाय, आई." हरेश दारात येऊन उभा होता. "मनू, मगाशी दारातून ऐकलं मी... तू नोकरी सोडतंस. कोनासाठी? माज्या ट्रेलरसाठी?"

"दादा, तुझं होतं ते. बाबांनी तुझं काढून मला..."

"कोन म्हनलं?" हरेशचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "बाबानी आधी मला इचारलं होतं! बांधावर बसून इचारलं. हरेश, पैसे एकाच पोराला पुरतील, बोल. मी बोललो, मनूला द्या. मी बोललो! आनि मीच बाबाना शपथ घातली, तिला सांगू नका, तिला ओझं वाटंल."

मनस्वी ओट्यापासून त्याच्याकडे वळली.

"मग तू माझ्याशी बोलत का नव्हतास, दादा? इतकी वर्षं...!"

"बोलू कवा? मी तोंड उघडायच्या आधी तू बॅग उघडायचीस! हे घे बूट, हे घे घड्याळ. बहीन आली म्हनून मी वाट बघत बसायचो, आनि तू यायचीस ती सावकाराच्या दारात आल्यासारखी. मला बूट नको होते गो... तू नुसती बसली असतीस ना माज्याजवळ..."

त्या धिप्पाड माणसाने बाहीने डोळे पुसले. मनस्वीच्या अंतःकरणात इतकी वर्षे घट्ट आवळून बांधलेली एक गाठ तटकन सुटली. दुःख तर होतेच. पण त्या दुःखाच्या तळाशी एक विलक्षण सुटकेची जाणीव होती. आपण कुणाचे काही हिरावून घेतले नव्हते! आपल्याला ते दिले गेले होते, आनंदाने, बांधावर बसून, काहीही परत न मागता... आणि आपण मात्र इतकी वर्षे त्या टोपात साखर भरत राहिलो!

"दादा!" ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोके टेकून लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. बाबा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

"रड," चंद्रावती म्हणाली. "आनि मग त्या मॅडमला फोन लाव."

मनस्वीने फोन लावला. "मॅडम, मी घेते," ती म्हणाली. मग ती टोप घेऊन मैनाकाकीकडे गेली. रिकामा टोप. तो हातात धरून चार पावले चालताना तिला उगीचच हलके वाटत होते. संध्याकाळी काकीने पुन्हा भात आणला तेव्हा तिने न सांगता तोंड उघडले.

चाचणी झाली. विमाने एकेक करून परतली आणि पावसाळा सरता सरता तिचे बोलावणे आले. पहिल्या पगारातून तिचा वाटा अजून रजेवर असलेल्या मुलांकडे गेला. कुणाकडे, हे तिने विचारले नाही. सत्यजीत सर अजूनही प्रत्येक बैठकीत कंपनीशी भांडतात, आणि आता मनस्वी त्यांच्या शेजारी बसून भांडते.

पुढे एका सकाळी सत्यजीत सर आणि मनस्वी यांचे विमान नव्या विमानतळाकडे, घराच्या दिशेने येत होते. खाली खाडी चमकत होती. कॅप्टनांनी एकदा तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तूच उतरव. तुमची जागा आहे."

ती घरी पोचली तेव्हा विमान उतरताना बघायला गच्चीवर चढलेला हरेश खाली येत होता. त्याच्या पायात तिने कधीतरी आणलेले बूट होते. "टायरचा धूर किती काढलास गो! माज्या शेठनं मला हाकलला असता!"

चंद्रावती मात्र हसली नाही. बाबांच्या फोटोखाली ती कधीची तिची वाट पाहत बसली होती. तिने लेकीला शेजारी ओढून बसवले आणि विचारले, "कुठं टेकलीस? वडाच्या खाचरात का बांधाच्या?"

धावपट्टीवर वड नव्हता, बांध नव्हता. मनस्वीने डोळे मिटले, आणि तिला दोन्ही दिसले.

"बांधाच्या, आई."

"हळूच टेकवलंस ना?" आई म्हणाली. "तिथं चिखल फार. तुज्या बापाचा पाय नेमी तिथंच रुतायचा."