बादलीतलं जस्त गेलं कुठे?

इसवी सन २०६४. देवरुखच्या विश्रामआजोबा सुर्व्यांनी चहाच्या टेबलावर सख्ख्या नातीला, शाल्मलीला, विचारलं, "आपण कोणाकडच्या?"

हयातभर धातूंवर संशोधन केलेला माणूस. आता चालताना अडखळत, चमच्याला काय म्हणतात ते विसरत. घरच्या यंत्रमानवाने, चिमट्याने, निदान केलं होतं, "वय ऐंशी. कारण, वय." एवढ्यावर बाबांचं समाधान झालं. सोमवारी आजोबांना स्मृतिसदनात ठेवायचं ठरलं. तिथे म्हणे भिंतीच माणसाला त्याचं नाव सांगतात.

"मी नाही जाऊ देणार," शाल्मली म्हणाली. "चिमट्या, वय सोडून काही तपासलंस?"

"कोणी सांगितलं नाही, ताई."

त्याने आजोबांचं रक्त तपासलं. "तांबं फार कमी. जस्त फार जास्त."

"रक्तात तांबं?"

"सूक्ष्म धातू (शरीराला चिमूटभरच लागणारे, पण लागणारेच). तांबं कमी पडलं की मज्जातंतू (मेंदूचे निरोप नेणाऱ्या तारा) बिघडतात. जस्तही हवंच. पण ते फार झालं की आतडं त्याला अडवायला एक प्रथिन बनवतं. ते प्रथिन तांब्यालाच जास्त घट्ट धरतं आणि शौचावाटे बाहेर काढतं."

"म्हणजे पहारेकऱ्याने घरच्याच माणसाला हाकललं!"

"पुस्तकात असं लिहिलेलं नाही. पण बरोबर आहे."

एवढं जस्त आलं कुठून? शाल्मली स्वयंपाकघरात शिरली. तांब्याने मेंदू बिघडतो, असं बाबांनी गेल्या वर्षी अर्धंच वाचलं होतं. तांब्याची भांडी माळ्यावर गेली. स्टीलवरचाही विश्वास उडाला. आजोबांचं कोकम सरबत जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या बादलीत राहू लागलं. आजोबा एकटेच ते दिवसभर पीत.

शाल्मलीने बादली रिकामी केली. बाहेरून चकचकीत, आतून काळपट, खरबरीत.

"कोकमातल्या आम्लात (आंबट द्रव्यात) जस्त विरघळतं," चिमटा म्हणाला.

"मग बादलीतलं जस्त गेलं कुठे?"

दोघांनी आजोबांकडे पाहिलं.

शाल्मलीने बोलावलेल्या डॉक्टरांनी बादली बंद केली, मोजून तांब्याचं औषध सुरू केलं. बाबा लगेच भांडी काढायला माळ्यावर चढले; डॉक्टरांनी त्यांना खाली उतरवलं. "तांबं जास्त झालं तरी घातकच! आणि प्रत्येक स्मृतिभ्रंशाचं (आठवण पुसत जाणाऱ्या आजाराचं) कारण बादलीत सापडत नाही. बाकीच्यांत धातूंचा हात किती, ते अजून शोधतायत."

"शोधायचं काही उरलं तर मी शोधेन," शाल्मली म्हणाली.

सोमवार आला, गेला. आजोबा घरीच राहिले. काही महिन्यांनी एका सकाळी त्यांनी चहात चमचा फिरवला आणि त्याला चमचाच म्हणाले. मग ती रिकामी बादली नीट निरखली.

"शाल्मली," त्यांनी हाक मारली, "तुझ्या बापाला रसायनशास्त्रात किती मार्क पडले होते, ते मला आत्ता लख्ख आठवलं."

आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं.