दुपारी तीन वाजून दहा मिनिटं

दार लोटून घे छोटू, हवा लागून राहिली.

भुपेंद्र तुमाले माहीत हाय ना? माझ्या साळ्याचा पोरगा, सानगडीचा. कम्प्युटरचे कामं करते. देवाले बी घाईघाईनंच हात जोडते, भुताचं तं सोडाच. त्यानं हे मले सोताच्या तोंडानं सांगतलं.

गेल्या साली, डिसेंबरची चार तारीख. गुरुवार, दत्तजयंती. दिघोरीच्या वाटेवर एक गाव हाय, नाव घेत नाई मी. तिथल्या दवाखान्यात अंगठ्याच्या हजेरीची मशीन होती. एक तारखेपासून तिच्यात नवीन सॉफ्टवेअर टाकलं आन सारा घोळ झाला. सकाळी नवाले अंगठा लावा, तं मशीन लिवे पहाटचे साडेतीन. तीन डिसेंबरची हजेरी जाऊन बसे बारा मार्चात. म्हणून भुपेंद्रले बलावलं.

तो सांजच्या सातले पोचला. चौकीदार चिंधू तेवढा होता. भुपेंद्रनं लॅपटॉप जोडला, दहा मिनिटात रोग ओळखला.

"काका, मशीन विलायतेचं घड्याळ धरून चालते. आपल्याहून साडेपाच तास मांगं. आन तारीख लिवते अमेरिकेवाल्यावानी, महिना पह्यले, दिवस मंग. म्हणून तीन बाराचं बारा तीन होते."

"दुरुस्त होते ना?"

"तासाभरात."

यादी पाहता पाहता त्याले एक नाव दिसलं. चंद्रकांता. तीनच नोंदी. बारा जानेवारी, बारा फेब्रुवारी, बारा मार्च. तिन्हीची वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

"हे कोन?"

चिंधू म्हणे, "नर्सबाई. रातची ड्युटी करे. नवाची ड्युटी, पण बाई वीस मिनिटं आंधीच ये. श्रावणात गेली गा. इथं एका बाईले कळा सुटल्या म्हणून निरोप धाडला होता. पाण्यापावसाची तलावाच्या पारीवरून, बांधावरून निंगाली... सांडव्याच्या पाण्यानं नेली. इकडं ते बाई बी नाई वाचली. लेकरू बी नाई."

भुपेंद्रले वाईट वाटलं. जुन्या सॉफ्टवेअरच्या थोड्याफार नोंदी बी त्यातच भरल्या होत्या. तो म्हणे, जुन्या असतीन. तवा तं बाई जित्या होत्या.

काय म्हणतं टीना? रातच्या ड्युटीवाली बाई दुपारी कायले आली?

तुले सुचलं. त्याले नाई सुचलं.

आठाले चिंधू देवळात जेवाले गेला. "तुमच्यासाठी पत्रावळ बांधून आणतो," म्हणे. भुपेंद्र एकटाच. पुनवेची रात, अंगणात चांदणं पडून होतं. आतल्या खोलीत तो, आन मशीन बाहेर व्हरांड्यात, भिंतीले.

साडेआठ झाले. त्यानं दुरुस्ती चालवली. वेळेत साडेपाच तास मिळवाचे, दिवस आन महिना उलटा कराचा. एक डिसेंबरपासून मशीननं घेतलेल्या नोंदीच बदलतीन, असंच केलं होतं त्यानं. जुन्याले हात नाई.

स्क्रीन हालली. डॉक्टरची हजेरी सकाळी नवाले आली. साऱ्यांच्या जागच्या जागी आल्या.

आन खाली...

चंद्रकांता. एक डिसेंबर. रात्री आठ चाळीस.

चंद्रकांता. दोन डिसेंबर. रात्री आठ चाळीस.

चंद्रकांता. तीन डिसेंबर. रात्री आठ चाळीस.

म्हणजे जुन्या नव्हत्याच. आखरीची कालची होती.

त्यानं मोबाईल पाह्यला. आठ छत्तीस.

उठून पळाचं, तं वाट व्हरांड्यातूनच. मशीनच्या पुढूनच.  त्याले वाटलं, यादीतून नावच काढलं तं? नावच नाई, तं मशीन अंगठा घेणार कशी?  दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा नाव पुसलं गेलं.

आठ अडतीस.

बाहेर कुत्रं भुकत होतं. ते गप झालं.

चपला.

ओल्या चपला... फरशीवर. पच्... पच्...

थांबल्या.

भुपेंद्रनं श्वास धरला. दार उघडंच होतं. दारातून व्हरांड्याचा तुकडा दिसे. चांदणं. कोनी नाई.

आठ चाळीस.

मशीनचा हिरवा लाइट लागला. आन मशीनमंधली रेकॉर्डवाली बाई बोलली, "थँक यू."

स्क्रीनवर नवी ओळ आली. तारीख बरोबर. वेळ बरोबर. नावाची जागा कोरी.

मंग चपला पुन्हा निंगाल्या. त्याच्या दाराकडं नाई. पल्याड. हळू... हळू... गेल्या.

तो कसा पळाला, त्याले आठवत नाई. लॅपटॉप तिथंच, गाडी तिथंच. देवळाच्या पायरीवर येऊन पडला. त्या कामाले तो परत गेला नाई. दुसऱ्याच कोनी ते मशीन काढलं म्हणतात. अजून बी साडेआठ झाले का तो चार माणसात जाऊन बसते.

पण त्या रातची गोष्ट सांगतो. चिंधू आन चार जण टॉर्च घेऊन आले. व्हरांडा कोरडा. एक ठसा नाई. पल्याडच्या टोकाले बाळंतिणीची खोली. श्रावणापासून बंद, शेगडीचा सिलिंडर बी नेला होता. चाबी चिंधूच्या कमरेले. त्यानं कुलूप उघडलं.

खाटेवर बोटभर धूळ. फरशीवर बी.

शेगडीवर गंजभर पाणी.

वाफ निघून राहिली होती.