अंगठ्याचे ठोके

दुपारी दवाखान्यात आई डबा धुवायला गेली, तशी धाकटीने खुर्ची ताईच्या खाटेला चिकटवली आणि ताईचा मोबाइल सुरू केला. ताई नऊ दिवसांपासून बेशुद्ध होती. मोबाइलवरच्या खेळातल्या तिच्या पाचजणींच्या संघात आज तिच्या जागी कुणी उतरलं नाही, तर यादीतून ताईचं नाव कायमचं जाणार होतं. उठल्यावर तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून धाकटी कालपासून खेळ शिकत होती.

धाकटीच्या पाठीमागची खाट सकाळीच रिकामी झाली होती. रात्रभर खोकणाऱ्या तिथल्या आजींना तोंडावर चादर ओढून नेलं होतं. आता तिथे नवी चादर होती, घडीच्या रेषा अजून तशाच असलेली.

"तू वैद्य आहेस, पैलवान नाहीस," इअरफोनमध्ये कप्तान म्हणाली. "जखमींना बरं करायचं, पुढे घुसायचं नाही. आम्ही बोलत बसत नाही, माइकवर बोटाने ठोके देतो. दोन म्हणजे मागे राहा. तीन म्हणजे तुझ्या मागे कुणीतरी आहे."

"आणि चार?"

"चार म्हणजे भूक लागली. ते तुझ्या ताईने काढलंय."

धाकटीला हसू आलं. पण खेळात ती लागोपाठ दोनदा मेली. तिसऱ्यांदा ती झुडपाकडे वळणार, इतक्यात... टक टक. ती थबकली. झुडपातून शत्रू बाहेर पडला आणि समोरून निघून गेला.

"इशारा कुणी दिला?"

"कुणीच नाही गं."

पुन्हा टक टक. धाकटीने एका कानातला इअरफोन काढला. आवाज खाटेच्या लोखंडी दांडीवरून येत होता. ताईचे डोळे मिटलेले होते; हलत होता फक्त अंगठा.

डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसत धाकटी खेळत राहिली, तो अंगठा सांगेल तशी. आणि त्या जिंकल्या.

"ताई, राहिलं गं तुझं नाव," ती कुजबुजली. खेळ बंद करून तिने ताईचा हात हातात घेतला. अंगठा शांत होता.

मग धाकटीच्या तळव्यावर तो हलला. एक, दोन, तीन.

"संपला खेळ, ताई..."

पुन्हा तीन. या वेळी घाईघाईने.

कानात उरलेल्या इअरफोनमध्ये कप्तान अजून होती. "ए," ती हळूच म्हणाली, "तुझ्याजवळ खोकतंय कोण?"

धाकटीला काहीच ऐकू आलं नव्हतं. मान न वळवता तिने ताईचा हात आणखी घट्ट धरला. अंगठा थांबत नव्हता.