वाचून केलेली सही

“सही कर. वाचत बसू नकोस, डॉक्टर खोळंबलेत.”

बावीस वर्षं उलटली, तरी मोठ्या जाऊबाईंचा तो आवाज आईच्या कानातून गेला नव्हता... आणि नवल असं, की वाचत बसणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग होता! छापखान्यात बसून विद्वानांच्या ग्रंथांतल्या चुका लाल शाईने टिपणाऱ्या त्या बाईने स्वतःच्या देहाचा कागद मात्र न वाचता सही करून परत दिला होता. अंगावरून फार जायचं म्हणून तिचं गर्भाशय काढायचं ठरलं होतं. तेवढ्यात जाऊबाईंनी परस्पर डॉक्टरांना सांगितलं, की एकदाच काय ते सगळंच काढून टाका, सारखी सारखी ही अंथरुणात पडलेली आम्हाला परवडायची नाही. नवरा नावाचा सज्जन गृहस्थ तेव्हा खिडकीबाहेर झाडं मोजत उभा होता. त्याने आयुष्यभर तेच केलं आणि झाडं मोजता मोजताच तो वारला.

ती तेव्हा चौतीस वर्षांची होती.

पुढे पंचेचाळिशीत नुसती बादली उचलताना तिचं मनगट मोडलं, मग पाठीचा मणका दबला. जाऊबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत, आमच्याकडे काचेची बाहुली आहे हो, हात लावू नका. शस्त्रक्रियेचा अहवाल आईने फार उशिरा वाचला, आणि वाचून जाडजूड शब्दकोशात ठेवून दिला. कारण त्या घरात शब्दकोश कोणी उघडेल ही भीती नव्हती.

आणि आज त्याच जाऊबाई दिवाणखान्यात बसून गर्भाशयाच्या पावित्र्यावर प्रवचन देत होत्या!

निमित्त होतं आईच्या मुलाचं. सहा वर्षांनी तो घरी आला होता. मुलगी म्हणून जन्माची नोंद झालेला, मुलगी म्हणून वाढवलेला, आणि ‘मी मुलगा आहे’ हे एवढं एकच वाक्य बोलल्याबद्दल घराबाहेर काढलेला. त्या दिवशी आई स्वयंपाकघरात नळ सोडून उभी होती, पाण्याच्या आवाजात काही ऐकू येऊ नये म्हणून. आता त्याला दाढी होती, तळहातांना घट्टे होते. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. खुर्चीच्या कडेवर बसून, आईकडे न बघता, त्याने सगळं सांगितलं. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर पाळी थांबली होती, ती दोन महिन्यांपूर्वी अचानक परतली; पोटात अशी कळ यायची, की लिफ्टच्या खड्ड्यात काम करता करता तो खाली बसायचा. असं परतलेलं रक्त अंगावर काढायचं नसतं, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. वाईट काही निघालं नाही. गर्भाशय काढायचं त्याच्या मनात होतंच, त्याही तयार होत्या. प्रश्न अंडाशयांचा होता. तीही काढली, तर शरीराला इंजेक्शनाचाच आधार. ते कधी काही कारणाने बंद पडलं, तर हाडं पोखरायला वेळ लागणार नाही. ठेवली, तर त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागेल, पण एक आधार घरचा राहील. घरात कुणाची हाडं ठिसूळ आहेत का, असं बाईंनी विचारलं होतं.

“देवाने दिलेली कूस कापायला निघाली ही,” जाऊबाईंनी पदराने कोरडे डोळे टिपले. “घराण्याची काही लाज ठेव गं पोरी!”

“काकू, मी तुमच्याकडे आलेलो नाही.” मग त्याने प्रथमच आईकडे पाहिलं. “तुझी हाडं अशी का आहेत, आई? की यावरही नळ सोडून उभी राहणार?”

त्या नजरेत राग असता तर तिने सोसला असता. तिथे तुच्छता होती... आणि ती रास्त होती! इतकी वर्षं आपण जिला सहनशीलता म्हणून रोज देवापुढे मिरवलं, ती निव्वळ भित्रेपणाची गोंडस जात होती, हे तिला त्या एका नजरेत कळलं.

ती उठली. शब्दकोशातून पिवळा पडलेला कागद काढून नेहमीच्याच हळू आवाजात तिने वाचला: दोन्ही अंडाशयं निरोगी दिसतात, नातेवाइकांच्या विनंतीवरून काढून टाकली.

“निरोगी होती ती, ताई.”

“मला काय ठाऊक? मी काय डॉक्टर आहे?”

“नाही ना. मग सांगायला कशाला गेलात?”

जाऊबाई पदर सावरत आत निघून गेल्या. त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत चांगलं काही बाहेर आलं नव्हतं. आज निदान वाईटही आलं नाही.

मुलाने कागद दोनदा वाचला. मग आईचं वाकडं जुळलेलं मनगट आपल्या खरखरीत हातात घेतलं... त्याची दाढी ओली झाली. “हे तू मला कधीच का नाही सांगितलंस?”

“भीत होते रे. आता मोडायला हाडंच उरली नाहीत, तर कशाला भिऊ?”

तो रडता रडता हसला. अंडाशयं ठेवायची, गर्भाशय तेवढं जाऊ दे, असं म्हणाला. निर्णय माझा आहे, हेही म्हणाला. आईने मान्य केलं. तुझं सगळंच मला कळतं असं नाही, ती म्हणाली, पण तुझ्या सहीआधी कागदाची ओळ न् ओळ मी वाचणार. आणि पुढचे सहा आठवडे तुला जड उचलायचं नाही ना? मी येऊन राहते.

“तू? माझी अवजारांची पेटी तरी उचलेल का तुला?”

“मग दोघांनीही उचलायची नाही, बाळा.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी पिशवीत दोन लुगडी, चष्मा आणि लाल शाईचं पेन घालून ती दाराशी आली. आतून जाऊबाईंचा आवाज आला, सहा आठवडे माझ्या गुडघ्यांना तेल कोण लावणार, आणि उंबरा ओलांडलास तर परत येऊ नकोस.

“तेलाची बाटली खिडकीत आहे, ताई,” ती म्हणाली.

दार हलकेच ओढून घेऊन, कठड्याला धरून ती एकेक पायरी जपून उतरू लागली. दहा वाजता सही होती, आणि त्याआधी तिला वाचायचं होतं.