निळे, पिवळे आणि डगमगत्या खुर्च्या

"अगं पकड! पडतोय मी!" ढब्बू ओरडला आणि नव्याकोऱ्या खुर्चीसकट धप्पकन आडवा झाला.

चिंगी, म्हणजे त्याची बहीण, पोट धरून हसली. पण मावशीचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू पळालं. आजची ही चौदावी डगमगती खुर्ची! शनिवारपर्यंत शाळेला दोनशे धड खुर्च्या गेल्या नाहीत, तर मावशीच्या कारखान्याला टाळं लागणार होतं.

"मागच्या सुट्टीत तर सगळं झकास होतं. मग बिनसलं कुठे?" चिंगीने विचारलं.

"शोधूया!" मावशीचा मुलगा म्हणाला. पुस्तकी किडा असल्यामुळे सगळे त्याला प्रोफेसर म्हणत.

तिघांनी हेरगिरी सुरू केली. खुर्चीचे पाय कापणारे निळ्या एप्रनमध्ये, खुर्च्या जोडणारे पिवळ्या. डबे खायलासुद्धा वेगळे कोपरे!

"काका, पाय सैल का बसतात हो?" चिंगीने एका पिवळ्याला विचारलं.

"त्या निळ्यांना विचार! आम्ही नाही त्यांच्या दारात जाणार!"

"हे रंग आणले कोणी?"

"मी!" मुकादमकाका ऐटीत म्हणाले. "गेल्या महिन्यात. धुतलेले कपडे पटकन वेगळे करता येतात. त्यात काय एवढं?"

प्रोफेसरने चष्मा सरकवला. "हजारो वर्षं माणूस टोळीने जगला. टोळीतला तो आपला, बाहेरचा धोक्याचा! ती खोड अजून डोक्यात आहे. नुसता रंग मिळाला की टोळी तयार!"

"आणि धंद्याचे बारा वाजले!" चिंगी म्हणाली. तिच्या डोक्यात झटकन एक कल्पना आली.

जेवणाच्या सुट्टीत तिघांनी खुंट्यांवरचे सगळे एप्रन बेमालूम सरमिसळ करून टाकले. घंटा झाली आणि एकच गोंधळ उडाला! हाताला लागेल तो एप्रन घालून जो तो कामाला पळाला. सगळ्यात जुने कापणारे आजोबा पिवळ्या एप्रनमध्ये अडकले. तो बदलायला ते फणफणत जोडणाऱ्यांच्या खोलीत शिरले. पिवळा रंग पाहून कोणीतरी सवयीने म्हणालं, "ये रे, जरा ही खुर्ची धर."

आजोबांनी खुर्ची उलटी केली. "अरे, एवढं मोठं भोक? नवं पातं लावल्यापासून आमचे पाय एक सूत बारीक निघतात की!"

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

आजोबांनी आपल्या अंगावरच्या पिवळ्या एप्रनकडे पाहिलं. मग आजोबाच खो खो हसत सुटले, आणि त्यांच्यामागून अख्खी खोली!

संध्याकाळपर्यंत मापं जुळली. शनिवारी दोनशे खुर्च्या ट्रकमध्ये चढल्या. ढब्बू शेवटच्या खुर्चीवर चढून नाचला, तरी ती जागची हलली नाही!

"माझ्या सोयीपायी सगळ्यांना गोत्यात आणलं," मुकादमकाकांनी कान पकडले. "पोरांनो, मानलं तुम्हाला!"

मावशीने तिघांना एकदम कवेत घेतलं. ती हसत होती, रडत होती, दोन्ही एकदमच. "कारखाना वाचवलात रे माझा!"

"तुझा?" आजोबा गरजले. "आपला म्हण, आपला!"